सुटे भाग आणि रिकामं चेंबर

१९८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या लष्कराला दुसऱ्या महायुद्धापासून वापरात असलेलं वॉल्थर पी ३८ बदलायचं होतं. नव्या पिस्तुलासाठी संरक्षण खात्यानं १७ अटींची यादी केली. त्यातल्या दोन अटी नेम किंवा मारक शक्तीबद्दल नव्हत्या. रोजच्या देखभालीसाठी पिस्तूल खोलायला आणि जोडायला कोणतंही अवजार लागता कामा नये, ही एक. सुट्या भागांची संख्या ५८ च्या वर जाता कामा नये, म्हणजे निदान पी ३८ पेक्षा जास्त नको, ही दुसरी. तोवर एकही पिस्तूल न बनवलेल्या गास्टन ग्लॉक यांनी ३४ भागांचं पिस्तूल पुढे ठेवलं आणि १९८२ साली ऑस्ट्रियानं ते स्वीकारलं.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांची तुलना करताना खोलण्या-जोडण्याचा विषय निघतोच, पण बहुतेक वेळा तो घड्याळ लावून सोडवला जातो. कोणतं किती सेकंदांत सुटतं, एवढंच पाहिलं जातं. मला ही पद्धत अपुरी वाटते. सरावलेल्या हातात जवळजवळ प्रत्येक आधुनिक पिस्तूल काही सेकंदांत सुटतं. पाहायला हवं ते हे, की चेंबर रिकामं असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय पिस्तूल स्वतःला उघडू देतं का. आणि दुसरं, ते परत जोडताना चुकीला किती जागा ठेवतं.

खोलण्याच्या दोन पातळ्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली की सगळी तुलना फसते. पहिली शिपायाची किंवा नेमबाजाची. मॅगझिन काढायचं, स्लाइड उतरवायची, रिकॉइल स्प्रिंग आणि नळी वेगळी करायची, जळक्या दारूची काजळी ब्रशनं आणि चिंदीनं काढायची, तेलाचा थेंब द्यायचा आणि पुन्हा जोडायचं. मुंबईच्या किंवा कोकणाच्या खाऱ्या हवेत हे काम गोळी झाडली नसली तरी करावं लागतं, कारण गंज गोळीची वाट पाहत नाही. दुसरी पातळी आर्मररची, म्हणजे पिना काढून चाप, हॅमर आणि त्याला अडवून धरणारा सिअर सुटा करण्याची. आपल्याकडे परवानाधारकानं स्वच्छतेपुरतं पिस्तूल उघडावं आणि दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराकडेच न्यावी, कारण शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो.

दोन्ही पातळ्यांवर क्रम एकच असतो : आधी मॅगझिन बाहेर, मग चेंबर. उलट केलं तर स्लाइड मागे ओढल्यावर चेंबरातलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरात ढकलते. पाहणाऱ्याला वाटतं, पिस्तूल रिकामं झालं. साफसफाईच्या वेळी होणाऱ्या अपघातांमध्ये ही उलटापालट पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून पुढे प्रत्येक रचनेकडे पाहताना मी हा क्रम डोळ्यांसमोर ठेवला आहे.

सुरुवातीच्या पिस्तुलांना ही काळजी फारशी नव्हती. त्यांच्या निर्मात्यांना यंत्रकौशल्य दाखवायचं होतं. १८९६ चं माउझर सी ९६ घ्या. माउझरच्या कारखान्यातल्या फेडेर्ले बंधूंनी ते असं रचलं की मुठीवरच्या लाकडी पट्ट्यांचा स्क्रू सोडला तर यंत्रात दुसरा स्क्रू नाही. भाग एकमेकांत खाचांनी अडकतात, एकानं दुसऱ्याला धरून ठेवायचं. हॅमर मागे ओढायचा, त्याच्या खालची कळ वर दाबायची, की नळीसह वरचा सांगाडा मागच्या बाजूनं सरकून बाहेर येतो आणि हॅमरची सगळी यंत्रणा एका तुकड्यात उतरते. मॅगझिनचा तळ काढायला काडतुसाचं टोक पुरतं. इथवर सगळं सुंदर. परत जोडताना मात्र प्रत्येक भागाची पाळी ठरलेली आणि ती चुकली की पुढचा भाग बसत नाही. १८९८ मध्ये ओमदुरमानच्या लढाईत तरुण विन्स्टन चर्चिलकडे हे पिस्तूल होतं. घोड्यावर बसून ते चालवणं एक वेळ जमेल, पण रात्री तंबूत कंदिलाच्या उजेडात त्याची यंत्रणा जोडणं नवख्याला जमण्यासारखं नव्हतं.

लुगर पिस्तुलाची गोष्ट अधिक गंभीर आहे. १९०८ साली जर्मन लष्करानं ते घेतलं. नळी थोडी मागे दाबून धरायची, डाव्या अंगाची छोटी कळ फिरवायची, बाजूची झाकणपट्टी काढायची, मग नळीसकट वरचा पूर्ण भाग पुढे सरकून हातात येतो. पाहायला फार देखणं. पण सिअर या वरच्या भागातच, झाकणपट्टीमागे उघड्यावर बसवलेला आहे. चेंबरात काडतूस राहून गेलं असेल, तर फ्रेमपासून सुटा केलेला तो भागसुद्धा सिअरवर दाब पडताच गोळी झाडू शकतो. मूठ नाही, चाप नाही, फ्रेम नाही, तरीही गोळी सुटते. खोलण्याच्या सोपेपणात सुरक्षितता धरायची की नाही, या वादात मला एवढं एक उदाहरण पुरेसं वाटतं. जोडतानाही लुगर त्रास देतं. गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या दांड्यामागचा आकडा मुठीतल्या स्प्रिंगच्या तरफेत नेमका अडकावा लागतो, त्यासाठी पिस्तूल उलटं-सुलटं धरावं लागतं, आणि आकडा चुकला तर सगळं बाहेरून नीट दिसतं, पण यंत्र चालत नाही.

जॉन ब्राउनिंग यांची वाट वेगळी. मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्करानं कोल्टच्या पिस्तुलातून दोन दिवसांत ६००० गोळ्या झाडल्या. ते तापलं की पाण्यात बुडवत आणि पुढे चालू ठेवत. एकही बिघाड झाला नाही. त्याच महिन्यात ते एम १९११ म्हणून स्वीकारलं गेलं. शिपायाच्या पातळीवर ते उघडणं मात्र आजच्या मानानं कष्टाचं आहे. नळीच्या तोंडाखालचं बूच अंगठ्यानं आत दाबायचं, नळीभोवतीचं बुशिंग फिरवायचं, आणि बुचामागची दबलेली स्प्रिंग हळूहळू मोकळी करायची. अंगठा निसटला तर बूच खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातं आणि मध्ये डोळा असेल तर डोळ्याला लागतं. मग स्लाइड मागे नेऊन तिची खाच स्लाइड-स्टॉपच्या समोर आणायची आणि तो उजवीकडून दाबून काढायचा. परत बसवताना तो स्टॉप कडेनं घसटला की फ्रेमच्या डाव्या अंगावर कमानीसारखा ओरखडा उमटतो. जुन्या १९११ च्या खरेदीत जाणकार आधी तो ओरखडा शोधतात, कारण त्यावरून आधीच्या मालकाचा हात कळतो.

तरीही १९११ ला अवघड म्हणून निकालात काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. आर्मररच्या पातळीवर ते अजूनही अद्वितीय आहे. मुठीचे स्क्रू वगळता आतला जवळजवळ प्रत्येक भाग पिस्तुलाच्याच दुसऱ्या भागानं ढकलून काढता येतो. कारखान्यापासून शेकडो मैल दूर, चिखलात बसलेल्या शिपायाचा विचार करून ते रचलं होतं आणि ते प्रत्येक पिनेत दिसतं. नंतरच्या काळात काही उत्पादकांनी त्यात स्प्रिंगच्या पूर्ण लांबीचा दांडा घातला. आता ते उघडायला कुठे षटकोनी पाना, कुठे वाकवलेली पेपरक्लिप लागते. नेमबाजीला त्याचा फायदा झाल्याचं मला कधी पटलं नाही, आणि अवजाराशिवाय उघडण्याचा मूळ गुण मात्र गेला.

ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममधल्या लिएजला, कारखान्यातच काम करताना वारले. त्यांच्या अखेरच्या आराखड्यावर द्यूदोने सेव्ह यांनी पुढे काम केलं आणि १९३५ साली हाय-पॉवर बाजारात आलं. हे पिस्तूल भारतीय वाचकाच्या सर्वांत जवळचं आहे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होणारं ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए’ याच घराण्यातलं, आणि आपल्या लष्करात व पोलीस दलांत वर्षानुवर्षं तेच कमरेला असतं. नागरिकांना ९ एमएमची परवानगी नसल्यामुळे परवानाधारकाच्या हाती ते येत नाही. पण खोलणं-जोडणं शिकलेल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला त्याची दुसरी खाच माहीत असते. मॅगझिन काढून स्लाइड मागे ओढली आणि सेफ्टीचा खटका त्या खाचेत वर ढकलला की स्लाइड तिथेच अडकून राहते. दोन्ही हात मोकळे, चेंबर डोळ्यांसमोर उघडं. मग स्लाइड-स्टॉप उजवीकडून ढकलायचा, खटका सोडायचा, स्लाइड हातानं धरून पुढे न्यायची. नळीच्या तोंडाशी बूच नाही, बुशिंग नाही, उडणारं काही नाही.

याचं मोल मला फार वाटतं. खटका त्या खाचेत बसवायचा तर स्लाइड मागे न्यावीच लागते, आणि ती मागे असताना चेंबर न पाहणं अवघड आहे. एक अडचण मात्र आहे. मॅगझिन नसताना चाप चालू नये अशी त्यात तजवीज आहे. त्यामुळे जोडून झाल्यावर हॅमर खाली आणायचा तर मॅगझिन पुन्हा आत घालावं लागतं. ते रिकामं असलं पाहिजे, हे यंत्र बघत नाही, माणसानंच बघायचं. सुरक्षेसाठी घातलेली तजवीज साफसफाईच्या टेबलावर उलटी पडू शकते, आणि याच चुकीची अधिक वाईट आवृत्ती पुढे रुगरमध्ये दिसते.

निव्वळ सोपेपणा हवा असेल तर वॉल्थर पीपी (१९२९) आणि त्याच्याच धर्तीवर निकोलाय मकारॉव्ह यांनी केलेलं, १९५१ मध्ये सोव्हिएत लष्करात आलेलं मकारॉव्ह यांना तोड नाही. नळी फ्रेमला कायमची जोडलेली. चापाभोवतीचं कडं खाली ओढून तिरकं टेकवायचं, स्लाइड मागे नेऊन तिचं शेपूट वर उचलायचं, ती नळीवरून पुढे सोडायची. हातात तीन गोष्टी उरतात : फ्रेम, स्लाइड, स्प्रिंग. चूक करायला एकच जागा, स्प्रिंग उलटी बसवणं. तिचं घट्ट टोक मागे जायला हवं. पण हा साधेपणा फुकट मिळालेला नाही. नळी हलत नसल्यामुळे गोळीचा सगळा धक्का स्लाइडच्या वजनानं आणि स्प्रिंगनं सोसायचा असतो. म्हणून मकारॉव्हला कमी जोराचं ९×१८ काडतूस आहे. पूर्ण ताकदीच्या ९ एमएमसाठी हीच रचना केली, तर स्लाइड जड आणि स्प्रिंग इतकी कडक होते की ती मागे ओढणंच कष्टाचं होतं.

पूर्ण ताकदीच्या काडतुसाला सोपी वाट काढली बेरेटानं. १९७० च्या दशकातलं बेरेटा ९२ पुढे एम ९ म्हणून १९८५ मध्ये अमेरिकी लष्करानं घेतलं. उजवीकडचं बटण दाबा, डावीकडची कळ फिरवा, स्लाइड पुढे येते. १९११ वर शिकलेल्या पिढीला हे स्वप्नवत वाटलं असणार. घड्याळाच्या स्पर्धेत ते आजही वरच्या क्रमांकावर असतं. माझ्या यादीत मात्र ते थोडं खाली आहे, कारण स्लाइड पुढे असतानाही ते उघडतं. चाप ओढावा लागत नाही ही मोठी जमेची बाजू, पण चेंबरात काडतूस असतानाही स्लाइड हातात येऊ शकते. सिग साउअरच्या पी २२० पासूनच्या घराण्यात स्लाइड मागे अडकवून मगच कळ फिरते, त्यामुळे सेकंदभर जास्त लागतो. तो सेकंद मी आनंदानं देईन. चेकोस्लोव्हाकियात कोउत्स्की बंधूंनी रचलेल्या सीझेड ७५ मध्ये फ्रेम आणि स्लाइडच्या मागच्या टोकाला दोन रेघा आहेत. त्या जुळवायच्या आणि स्लाइड-स्टॉप दुसऱ्या बाजूनं ठोकून काढायचा. नव्या पिस्तुलात तो इतका घट्ट असतो की अंगठा हरतो आणि लोक मॅगझिनच्या तळानं ठोकतात.

हेकलर अँड कॉखचं पी ७ मकारॉव्हइतकंच सहज उघडतं. मागचं बटण दाबलं की स्लाइड निघते. पण त्यात गोळीचा गॅस नळीखालच्या छोट्या सिलिंडरमध्ये घेऊन स्लाइड अडवलेली असते. त्या सिलिंडरात काजळीचा दगड होतो आणि तो खरवडायला खास अवजार लागतं. उघडणं सोपं म्हणजे स्वच्छ करणं सोपं, असं नाही.

आता ग्लॉक. ब्रिटिश लष्करानं २०१३ मध्ये हाय-पॉवर सोडून हेच घेतलं. स्लाइड दोन-तीन मिलिमीटर मागे धरायची, दोन्ही अंगांच्या छोट्या कड्या खाली ओढायच्या, स्लाइड पुढे सोडायची. स्लाइड, नळी, स्प्रिंग, फ्रेम. जोडताना तर कड्यांनाही हात लावावा लागत नाही. स्लाइड मागून चढवली की आपोआप बसते, आणि चुकीची बसण्याची सोयच नाही. जोडणीच्या कसोटीवर मला याहून चांगलं पिस्तूल माहीत नाही. आर्मररच्या पातळीवरही एका बारीक पंचवर सगळं पिस्तूल सुटतं.

पण स्लाइड सोडण्याआधी चाप ओढावा लागतो. आत अर्धवट ताणलेला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, मोकळा झाल्याशिवाय स्लाइड निघत नाही. म्हणजे स्वच्छतेच्या प्रत्येक खेपेला, नियम म्हणून, माणूस चाप ओढतो. चेंबर पाहिलं असेल तर काही होत नाही. मॅगझिन आणि चेंबरचा क्रम उलटला असेल, तर त्या एका ओढीत गोळी सुटते. सावध माणसाला ग्लॉक पूर्ण सुरक्षित आहे, हे ग्लॉकच्या चाहत्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण शस्त्र हजारो शिपायांना द्यायचं असतं. त्यातला कुणी रात्रपाळीनंतर थकलेला असतो, कुणाचं लक्ष घरच्या आजारपणात असतं. रचना त्यांच्यासाठी करायची असते.

इतर उत्पादकांनी ही उणीव ओळखली. स्मिथ अँड वेसनच्या २००५ च्या एम अँड पीमध्ये सिअर मोकळा करायला पिवळी तरफ दिली, म्हणजे चाप न ओढताही स्लाइड निघते. ती ढकलण्याचं अवजार मुठीतच ठेवलेलं असतं. हेकलर अँड कॉखच्या व्हीपी ९ मध्ये कळ फिरवली की काम झालं. सिग साउअरच्या पी ३२० मध्ये तर मॅगझिन आत असताना किंवा स्लाइड पुढे असताना कळ फिरतच नाही. आधी मॅगझिन, मग उघडं चेंबर, मग खोलणं. जो क्रम शिक्षक तोंडानं शिकवत आले तो इथे लोखंडात बसवला आहे. खोलण्याच्या प्रश्नाला मिळालेलं हे मला सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं. पी ३२० चं कौतुक इथेच थांबतं, कारण २०१७ मध्ये पिस्तूल पडल्यावर गोळी सुटू शकते हे समोर आल्यानंतर कंपनीला चापाच्या यंत्रणेत बदल करून द्यावे लागले. एक दार नीट बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

पी ३२० ची आणखी एक गोष्ट आर्मररला आवडण्यासारखी आहे. चाप, सिअर आणि बाकीची यंत्रणा एका धातूच्या चौकटीत असते, आणि अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीनं तेवढी चौकट म्हणजेच पिस्तूल. क्रमांक तिच्यावर असतो. मूठ, स्लाइड, नळी बदलता येते. या कल्पनेचं बीज जुनं आहे. १९३० च्या दशकात फ्योदोर तोकारेव्ह यांनी टीटी पिस्तुलात हॅमर आणि सिअर एका गठ्ठ्यात ठेवले, तो गठ्ठा अखंड बाहेर येतो. आर्मररचं अर्धं काम त्यांनी शिपायाच्या हाती दिलं.

राहिलं .२२ कॅलिबरचं जग. भारतात नेमबाजी शिकणाऱ्याचा संबंध ९ एमएमपेक्षा याच्याशी येतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, तो .२२ चाच प्रकार. .२२ ची काडतुसं मेणचट आणि शिशाची, म्हणून नळी आणि बोल्ट लवकर माखतात आणि उघडण्याची वेळ वारंवार येते. आणि नेमकं याच वर्गात जोडणीच्या बाबतीत आजवरचं सर्वांत कुप्रसिद्ध पिस्तूल आहे.

विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ मध्ये ३७ डॉलर ५० सेंटला रुगर स्टँडर्ड विकायला काढलं. आतला नळकांड्यासारखा बोल्ट जपानी नांबूवरून, मुठीचा कल लुगरसारखा. स्वस्त, अचूक, टिकाऊ. त्यानं कंपनी उभी केली. उघडायचं तर मुठीमागची पट्टी पेपरक्लिपनं उचकून बाहेर काढायची, तिला जोडलेली पिन खाली ओढून काढायची, बोल्ट मागून काढायचा, आणि नळीचा भाग लाकडी हातोडीनं पुढे ठोकायचा. जोडताना हॅमरमागे लोंबणारी बारीक काडी मुठीतल्या स्प्रिंगच्या वाटीत नेमकी पडावी लागते, आणि ती आत कुठे आहे ते दिसत नाही. पिस्तूल कधी तोंड वर, कधी तोंड खाली धरून, हॅमर खाली आहे याची खात्री करत, अंदाजानं जोडायचं. ती काडी चुकली की पट्टी बंद होते, पण बोल्ट पूर्ण मागे येत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. अनेक मालकांनी म्हणूनच पिस्तूल कधी उघडलंच नाही, तोंडातून ब्रश फिरवून काम भागवलं. १९८२ चं मार्क टू हीच जोडणी घेऊन आलं.

२००४ च्या मार्क थ्रीनं गोष्ट आणखी बिघडवली. त्यात मॅगझिनशिवाय हॅमर पडू नये अशी तजवीज घातली. पण खोलण्या-जोडण्यासाठी हॅमर खाली असणं आवश्यक. परिणामी साफसफाईच्या मध्यावर मॅगझिन पुन्हा आत घालायचं, चाप ओढायचा, मॅगझिन काढायचं, आणि हे एकाहून अधिक वेळा. ज्या टेबलावर मॅगझिन नसलंच पाहिजे, तिथे यंत्रच ते मागतं. मी पाहिलेल्या सगळ्या रचनांमध्ये हा सर्वांत विपरीत निर्णय आहे, आणि तो सुरक्षेच्या नावाखाली घेतलेला आहे.

२०१६ मध्ये मार्क फोर आलं. मॅगझिन काढा, चेंबर पाहा, सेफ्टी लावा, फ्रेमच्या पाठीवरचं बटण दाबा. नळीचा भाग पुढच्या बिजागरीवर वर उचलला जातो आणि सुटतो. सेफ्टी लागलेली नसेल तर बटण काम करत नाही. काडी नाही, हातोडी नाही, पेपरक्लिप नाही. ६७ वर्षं लागली, पण झालं ते पूर्ण झालं. पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, रुगरनं ही पिस्तुलं परत मागवली. सेफ्टीचा खटका दोन स्थानांच्या मध्ये अडकला आणि चाप ओढला गेला, तर खटका हलवताना गोळी सुटण्याची शक्यता आढळली होती. सुधारलेले भाग बसवून पिस्तुलं मालकांना विनामूल्य परत देण्यात आली, आणि उघडण्याचं बटण होतं तसंच ठेवलं.